विषमता कुणाकुणांत, हे आधी विचारा

संघर्ष पेटण्याआधी तो टाळणारी धोरणं आणि विषमता कमी करणारी धोरणं यांचा एकत्र अभ्यास करायचं ज्यांनी ठरवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. शाश्वत विकास उद्दिष्टांतलं दहावं (विषमता कमी करणं) आणि सोळावं (शांतता आणि न्याय) काय म्हणतं, शांततेचे अभ्यासक गाल्टुंग नुसत्या युद्धविरामाला पुरेशी शांतता का मानत नाही, हे तुम्ही वाचलेलं असणार. ते पुन्हा सांगत नाही. मी रत्नागिरीची. पुण्यात शिकले आणि परत किनाऱ्यावर येऊन मच्छीमारांमधल्या वादांवर काम करू लागले. प्रकल्प संपत आला की पुढच्याची धाकधूक मला आजही असते, त्यामुळे तुमच्या पोटात येणारा गोळा मला चांगला ओळखीचा आहे.

सविस्तर सांगायचंय ते एकाच गोष्टीबद्दल. माझा प्रबंध तिथेच अडकला होता आणि दरवर्षी नवी मुलं तिथेच अडकताना बघते. ती गोष्ट म्हणजे गिनी निर्देशांक, उत्पन्नातली विषमता ० ते १ मध्ये मोजणारा आकडा.

सुरुवात सगळ्यांची सारखीच होते. देशांची यादी घ्यायची, एका रकान्यात गिनी, दुसऱ्यात यादवी युद्ध झालं की नाही, आणि दोन्हींचा संबंध शोधायचा. संबंध सापडत नाही. २००३ मध्ये फिअरन आणि लेटिन या राज्यशास्त्रज्ञांचा लेख आला, त्यातही उत्पन्नातल्या विषमतेचा यादवीशी ठळक संबंध दिसला नव्हता. त्यांनी बोट दाखवलं ते गरिबीकडे, दुबळ्या राज्यसंस्थेकडे आणि बंडखोरांना सोयीच्या डोंगराळ मुलखाकडे. मग विद्यार्थी लिहून मोकळा होतो की विषमतेमुळे युद्धं होत नाहीत. असं एक प्रकरण मीही लिहिलं होतं.

आता एक गाव डोळ्यांसमोर आणा. दहा घरं, दोन वाड्या, वरची पाच आणि खालची पाच. पाच घरांत महिन्याला दहा हजार येतात, पाच घरांत तीस हजार. एका परिस्थितीत दोन्ही वाड्यांत दोन्ही प्रकारची घरं मिसळलेली आहेत. दुसऱ्या परिस्थितीत तीस हजारवाली पाचही घरं वरच्या वाडीत आणि दहा हजारवाली पाचही खालच्या वाडीत. गिनी काढून बघा, खरोखर कागद घेऊन काढा. दोनच प्रकारची घरं असली की हिशोब सोपा: गरीब घरं एकूण घरांच्या निम्मी, त्यांच्याकडे एकूण उत्पन्नाचा चौथा हिस्सा, म्हणून गिनी ०.५ वजा ०.२५, म्हणजे ०.२५. दोन्ही परिस्थितींत ०.२५च. आता सांगा, पाण्याच्या टाकीवरून किंवा पालखीच्या मानावरून वाद झाला तर कुठल्या गावात काठ्या निघतील? पहिल्या गावात गरीब माणसाचा शेजारी, मेहुणा, भजनातला जोडीदार श्रीमंत घरातला असू शकतो. दुसऱ्या गावात गरिबी आणि वाडी एकच झाली आहे. ग्रामपंचायतीत, सोसायटीत, देवस्थानाच्या कमिटीतही वरचीच वाडी बसली असेल, तर भांडणाला नाव, पत्ता आणि पुढारी तयारच असतो. गिनीला यातलं काही दिसत नाही. तो माणसांमधलं अंतर मोजतो, माणसं कुणाची आहेत हे विचारतच नाही.

ऑक्सफर्डच्या फ्रान्सिस स्ट्यूअर्ट यांनी नेमका हाच फरक मांडला. व्यक्ती-व्यक्तींमधली ती उभी विषमता. जात, धर्म, भाषा, प्रदेश अशा गटा-गटांमधली ती आडवी. त्यात पुन्हा फक्त पैसा नाही, सत्तेतला वाटा आणि सांस्कृतिक मानही येतो. २०११ मध्ये सीडरमन, वाइडमन आणि ग्लेडिच यांनी गटांची आकडेवारी घेऊन तपासलं, तेव्हा देशाच्या सरासरीहून खूप मागे किंवा खूप पुढे असलेल्या गटांच्या बाबतीत यादवीची शक्यता वाढलेली दिसली. म्हणजे आधीच्यांचं गणित चुकलेलं नव्हतं. मोजलं जात होतं ते वेगळंच होतं.

नेपाळ बघा. १९९६ ते २००६ माओवादी युद्ध झालं, तेरा हजारांहून अधिक माणसं गेली. आणि १९९५-९६ ते २००३-०४ या काळात, म्हणजे युद्ध चालू असतानाच, नेपाळमधली गरिबी ४२ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आली, त्यात बाहेर कामाला गेलेल्यांनी पाठवलेल्या पैशांचा मोठा वाटा होता. नुसता देशाचा आकडा बघणारा म्हणेल, बरं चाललंय. रोल्पा, रुकुमसारखे पश्चिमेचे डोंगरी जिल्हे, जनजाती आणि दलित, सरकारी नोकऱ्यांवर मोजक्या उच्च जातींचा पगडा, हे त्या आकड्याच्या आत दडलेलं होतं.

हे मला पुस्तकाआधी मिरकरवाड्यात, आमच्या रत्नागिरीच्या मासेमारी बंदरात, कळायला हवं होतं. आपल्याकडे ट्रॉलर-पर्ससीनवर (मोठ्या जाळ्यांच्या यांत्रिक बोटींवर) खलाशी नेपाळचे, हापूसच्या बागा राखायला गुरखे नेपाळचे, हे आपण लहानपणापासून बघतो आणि पुढे काही विचारत नाही. पावसाळी बंदी संपत आली होती, बोटी पाण्यात उतरायच्या होत्या. जाळ्याला बोयरे लावत बसलेल्या एका खलाशाला मी गावाकडचं विचारलं. पश्चिमेच्या डोंगरातला माणूस. हात न थांबवता म्हणाला, "दीदी, जिल्ह्याच्या ऑफिसात आमच्या भाषेत बोलणारा एक माणूस नव्हता. कागद न्यायचा, साहेब हसायचा, परत यायचं." गरिबीबद्दल तो एक शब्द बोलला नाही. बोलला तो टेबलापलीकडे कोण बसलंय याबद्दल.

युद्धानंतर नेपाळने जे केलं ते धोरण म्हणून जरूर अभ्यासा. २००७ मध्ये नागरी सेवेत खुल्या स्पर्धेने भरायच्या ४५ टक्के जागा महिला, जनजाती, मधेशी (दक्षिणेच्या सपाट भागातले लोक), दलित, अपंग आणि मागास भाग यांच्यासाठी ठेवल्या. २०१७ च्या स्थानिक निवडणुकांत प्रत्येक वॉर्डात एक दलित महिला सदस्य बंधनकारक होती. साडेसहा हजारांहून अधिक दलित स्त्रिया निवडून आल्या. त्यांना बैठकीत बोलू देतात का, हा पुढचा प्रश्न, आणि तिथे प्रबंधाला भरपूर वाव आहे.

उत्तर आयर्लंडमध्ये १९७६ च्या कायद्याने नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला बंदी घातली. फरक फारसा पडला नाही. कॅथलिक पुरुषांमधली बेकारी प्रोटेस्टंट पुरुषांच्या दुपटीहून अधिकच राहिली. मग १९८९ च्या कायद्याने मालकांना कामगारांची धर्मनिहाय मोजदाद करून दरवर्षी कळवायला लावलं. मला हा कायदा फार महत्त्वाचा वाटतो. नुसत्या मनाईत तक्रार करायचं ओझं भेदभाव सोसणाऱ्यावर असतं. मोजदाद सक्तीची केली की ते मालकावर जातं. तिथला संघर्ष थांबवणाऱ्या १९९८ च्या शांतता करारावर लोक पानंच्या पानं लिहितात, या कंटाळवाण्या तक्त्यांवर फारसं कुणी लिहीत नाही. तुम्ही लिहा.

उलटी उदाहरणंही जवळ ठेवा. आयव्हरी कोस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष हूफुए-ब्वानी यांनी वेगवेगळ्या प्रदेशांना आणि गटांना सत्तेत सांभाळून घेतलं होतं. १९९३ मध्ये ते गेल्यावर 'खरा आयव्हरियन कोण' हे राजकारण सुरू झालं आणि २००२ मध्ये देश उत्तर-दक्षिण फाटला. मलेशियाने १९६९ च्या मलय-चिनी दंगलीनंतर १९७१ मध्ये मलय लोकांचा नोकरी-धंद्यातला वाटा वाढवणारं नवं आर्थिक धोरण आणलं. तशी दंगल पुन्हा झाली नाही, पण मलय समाजातल्या वजनदार मंडळींनीच फायदा लाटला ही टीका आजही होते आणि ती खरी आहे. म्हणून आडवी विषमता सापडली की उभीला विसरायचं, असं करू नका. गटाच्या आतही बघायचंच.

आणि हे सगळं परदेशातलं आहे असं समजू नका. अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांविरुद्ध, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांविरुद्ध, १९३३ पासून सहा वर्षं संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, हाल सोसले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं, १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला. खोत आणि कुळं हे दोन गट होते, आणि मदत वाटून तो प्रश्न सुटणारा नव्हता. वाट्याचा नियमच बदलावा लागला. जागतिक धोरणांवर लिहिणाऱ्या कोकणातल्या मुलांना हे माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आकडेवारीबद्दल एक इशारा. जगभरचे अभ्यासक वापरतात त्या स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाच्या नोंदींमध्ये संघर्ष धरला जातो तो वर्षात लढाईत किमान २५ मृत्यू झाले तरच. युद्ध मोजायला ते ठीक आहे. पण प्रतिबंधाचं, म्हणजे संघर्ष पेटण्याआधी तो टाळण्याचं, सगळं काम त्या २५ च्या खाली चालतं. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले समुद्रात एकमेकांच्या बोटी अडवतात, जाळी तोडतात, पोलीस ठाण्यासमोर दोन जमाव उभे राहतात. त्या तक्त्यात या सगळ्याची किंमत शून्य. तुमची आकडेवारी २५ ला सुरू होत असेल, तर प्रतिबंधावर तुम्ही काहीही सिद्ध करू शकणार नाही. स्थानिक बातम्या, पोलीस नोंदी, मत्स्य विभागाची पत्रं, यांतून स्वतःची यादी बनवावी लागते. कंटाळवाणं काम आहे. घाबरू नका, जमतं.

तसंच संयुक्त राष्ट्रं आणि जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालातला अंदाज: प्रतिबंधामुळे वर्षाला ५ ते ७० अब्ज डॉलर वाचू शकतात. मुलं फक्त ७० उचलतात. दोन टोकांत चौदापट फरक आहे, तो गृहीतकांमुळे. दोन्ही आकडे द्या आणि गृहीतकं सांगा, नाहीतर तोंडी परीक्षेत कोंडीत सापडाल.

नियम कसा असावा यासाठी तुर्कस्तानातल्या अलान्याची गोष्ट वाचा, राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ती जगापुढे आणली. तिथे मोक्याच्या जागांवरून मच्छीमारांत मारामाऱ्या व्हायच्या. सहकारी संस्थेने सगळ्या जागांची यादी केली. सप्टेंबरमध्ये चिठ्ठ्या टाकून जागा ठरायच्या, मग जानेवारीपर्यंत प्रत्येक जण रोज एक जागा पूर्वेला सरकायचा, जानेवारीनंतर पश्चिमेला. चांगली जागा सगळ्यांच्या वाट्याला यायची, आणि कुणी गडबड केली तर त्या दिवशी ज्याचा हक्क असेल तोच हटकायचा. आपल्याकडे १९८१ चा सागरी मासेमारी कायदा आहे, २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड पुष्कळ वाढले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राची २०१७ पासून बंदी आहे. तरी दिवे दिसतातच. दंडाचा आकडा आणि गस्तीची बोट या वेगळ्या गोष्टी आहेत. पण अलान्या जशीच्या तशी इथे उचलून आणता येईल असंही समजू नका. तिथे बहुतेक जण छोट्या बोटींवरचेच होते. रापणवाला (किनाऱ्यावरून हाताने जाळं ओढणारा) आणि पर्ससीनवाला एकाच चिठ्ठीच्या डब्यात बसत नाहीत.

शॉर्टकटबद्दल माझी मतं ठाम आहेत. देशांच्या क्रमवारीचे तयार निर्देशांक वापरून प्रबंध लिहू नका. एआयकडून अहवालांचे सारांश काढून वाङ्मय परीक्षण उरकू नका. तळटीपांमध्येच खरी भांडणं असतात. गाईड निवडताना नावापेक्षा एवढं बघा की तो मसुदा लाल करून परत देतो का. 'छान आहे, पुढे जा' म्हणणाऱ्या गाईडकडे माझं ते गिनीचं प्रकरण बिनबोभाट पुढे गेलं होतं. ज्या बाईंनी नंतर ते परत पाठवलं, त्यांच्यावर मी चिडले होते. आज काही अडलं तर पहिला फोन त्यांनाच करते.

नोकरीचं खरं सांगायचं तर कंत्राटं छोटी असतात. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते. न्यूयॉर्क-जिनिव्हाचा खर्च घरच्यांवर टाकून, कर्ज काढून जाऊ नका. ज्यांना परवडतं त्यांनाच अनुभव मिळतो, आणि विषमतेवर काम करणाऱ्या संस्थेत हे चालतं याचा मला राग आहे. पण निराश होऊ नका. सरकारी जीआर नीट वाचता येणं, बोटीच्या तांडेलाशी, म्हणजे तिच्या म्होरक्याशी, त्याच्या बोलीत बोलता येणं, सातबारा कळणं, याला या कामात खरी किंमत आहे, आणि ते बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला सहज जमत नाही.

पहिल्यांदा बंदरावर जाल तेव्हा लांबलचक प्रश्नावली नेऊ नका. परवाना कुणाच्या नावावर, लिलावात भाव कोण पुकारतं, सोसायटीच्या सभेला कोण येतं, आणि कुणाला बोलावणंच जात नाही, एवढं विचारा. मासळी विकणाऱ्या बायकांना वेगळं भेटा. पुरुषांच्या घोळक्यात त्या बोलणार नाहीत. आणि दुपार गाठा. सकाळी लिलावाच्या वेळी तुमच्याशी बोलायला कुणालाही सवड नसते.