विजयेची पाने आणि फिरत्या चकत्या : पेटंटच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतल्यावर मी नागपुरात एका नोंदणीकृत पेटंट एजंट बाईंच्या हाताखाली उमेदवारी सुरू केली. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या टेबलावर एकाच गृहस्थांच्या दोन फायली आल्या. एकीत विजयेच्या, म्हणजे भांगेच्या पानांपासून सांधेदुखीवर लावायचे तेल तयार करण्याची कृती होती, तर दुसरीत फिरत्या चकत्यांच्या पटावर खेळायचा एक खेळ होता. हे गृहस्थ तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले अध्यापक होते. वडिलांची वैद्यकी त्यांनी लहानपणापासून पाहिली होती आणि तेलाचे काम ते एका परवानाधारक आयुर्वेदिक औषध उत्पादकाबरोबर करीत होते. पट त्यांनी नातवंडांसाठी सुताराकडून करून घेतला होता. फार्मसी, अभियांत्रिकी किंवा विधी शाखेतून येणारी मुले आज मला विचारतात, की या क्षेत्रात यायचे तर कोणता एक विषय धरावा. त्यांना मी या दोन फायलींविषयी सांगते, कारण पेटंटच्या कामातील खरे कौशल्य विषयात नसून दावा वाचण्यात आणि लिहिण्यात आहे, हे मला त्या फायलींनीच शिकवले.

पेटंटच्या कागदपत्रात शीर्षक, सारांश, वर्णन, आकृत्या आणि शेवटी दावे असतात. दाव्यांना कार्यालयात सगळे ‘क्लेम’च म्हणतात. नवखा माणूस शीर्षक आणि सारांश वाचून मत बनवतो, आणि मीही तेच करीत असे. परंतु कायद्याने जे कुंपण घातले जाते ते केवळ दाव्यांच्या शब्दांनी घातले जाते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेचे ६६,३०,५०७ क्रमांकाचे पेटंट. ते ७ ऑक्टोबर २००३ रोजी मिळाले, त्याची मालकी अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याकडे होती आणि तीन संशोधकांपैकी एक होते १९७० चे नोबेल मिळवणारे ज्युलियस ॲक्सलरॉड. शीर्षक वाचून ‘अमेरिकी सरकारने गांजाचे पेटंट घेतले’ असे पुष्कळांनी म्हटले आहे. पहिला दावा उघडून पाहिला तर तो वनस्पतीवर नाही आणि कोणत्या पदार्थावरही नाही. ऑक्सिडेशनच्या ताणामुळे होणाऱ्या आजारात, चेतापेशींवरील एनएमडीए या ग्राहीला (रिसेप्टरला) जवळजवळ न चिकटणारे कॅनाबिनॉइड, म्हणजे गांजाच्या झाडात सापडणाऱ्या रसायनांच्या गटातील द्रव्य, रुग्णाला देण्याची ती उपचारपद्धती आहे. बाईंनी मला हा दावा मराठीत, माझ्या शब्दांत, एका पानावर लिहायला लावला. तो व्यायाम मला तीन वेळा करावा लागला, आणि तिसऱ्या वेळी मला ‘जवळजवळ न चिकटणारे’ या एका शब्दसमूहाने कुंपण किती आत घेतले आहे ते दिसले.

हाच दावा भारतात दाखल केला असता तर त्याचे काय झाले असते, हा पुढचा प्रश्न. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३ नवख्याने पाठ करावे इतके महत्त्वाचे आहे. त्याच्या (आय) या उपकलमानुसार माणसावर किंवा प्राण्यावर करायच्या उपचाराची पद्धत हा शोधच मानला जात नाही. त्यामुळे अमेरिकेत चालणारा दावा इथे दारातच अडतो, आणि इथे यायचे असेल तर द्रावण, मिश्रण किंवा ते तयार करण्याची प्रक्रिया असे त्याचे रूप बदलावे लागते. अमेरिकेतच ऑगस्ट २०१७ मध्ये दिलेले ९७,३०,९११ क्रमांकाचे पेटंट शेजारी ठेवून पाहावे. त्यातील एक दावा असा आहे, की ज्या द्रवरूप मिश्रणातील एकूण कॅनाबिनॉइडपैकी किमान ९५ टक्के भाग कॅनाबिडिऑल या नशा न आणणाऱ्या कॅनाबिनॉइडचा आहे ते मिश्रण. हा दावा फक्त एका ओळीचा आहे, पण त्याच्या आवाक्यात त्या व्यवसायातील कितीतरी उत्पादने येतात. म्हणूनच २०१८ मध्ये त्यावरून खटला उभा राहिला. लांब दावा अरुंद असतो आणि आखूड दावा रुंद, कारण प्रत्येक वाढीव शब्द ही आणखी एक अट असते.

आता आमच्या गृहस्थांच्या तेलाकडे वळते. विजया आपल्या ग्रंथांत शतकानुशतके आहे आणि ‘औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५’ यांच्या ई (१) या अनुसूचीत विषारी द्रव्यांच्या यादीत तिचे नाव आहे. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये तिच्या औषधी उपयोगावर लेखन केले. पुढे ब्रिटिश सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी नेमलेल्या १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभर साक्षी घेऊन जाडजूड अहवाल काढला. त्या काळी नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती आणि याच प्रांतात निमाडमधील खांडव्याकडे परवान्याने गांजाची शेती होत असे. हे सगळे पेटंटच्या भाषेत ‘आधीचे ज्ञान’ होय, आणि त्यातील एखादी ओळसुद्धा आजच्या दाव्याचे नावीन्य संपवू शकते. हळदीच्या जखमेवरील उपयोगाचे अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये दिले गेले आणि सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन परिषदेने जुने संदर्भ पुढे केल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले, ही कथा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कलम ३ (पी) पारंपरिक ज्ञानाला आणि ३ (ई) केवळ एकत्र मिसळलेल्या द्रव्यांना बाहेर ठेवते. ‘पाने तेलात उकळली आणि सांध्याला लावली’ एवढ्यावर कोणतेही पेटंट मिळणार नव्हते, आणि माझ्या मते मिळूही नये.

बाईंनी गृहस्थांना समोर बसवून एकच प्रश्न विचारला, “सर, तुमच्या वडिलांनी जे केले नाही, असे तुम्ही नेमके काय केले?” ते बराच वेळ बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “बेटा, मी ते तापूच दिले नाही.” सगळे त्या वाक्यात होते. वनस्पतीत टीएचसी मुख्यतः आम्लरूपात असते, उष्णतेने त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मग ते नशा आणणारे टीएचसी बनते. गृहस्थांची प्रक्रिया कमी तापमानात, विशिष्ट क्रमाने अर्क काढून ते आम्लरूप टिकवीत असे. म्हणून तेलावरील मुख्य दावा मागे घेऊन प्रक्रियेवरील दावा पुढे आणला आणि नेहमीच्या पद्धतीने केलेल्या अर्काशी तुलना करणारे तक्ते उत्पादकाच्या प्रयोगशाळेतून मागवले. पेटंट कार्यालयाच्या पहिल्या परीक्षण अहवालात अपेक्षेप्रमाणे ३ (ई) आणि ३ (पी) या दोन्ही हरकती आल्या. त्यांना उत्तर देताना आमच्या वकिली शब्दांपेक्षा त्या तक्त्यांचाच उपयोग झाला. वनस्पतीजन्य विषयात येणाऱ्यांनी संशोधकाकडून तुलनात्मक आकडे अर्ज दाखल करण्यापूर्वीच मागावेत, कारण नंतर वर्णनात नवा मजकूर घुसवता येत नाही.

याच फाईलमध्ये माझ्या हातून एक चूक झाली. पूर्वशोध घेताना, म्हणजे असे काही आधी कोणी नोंदवले आहे का हे पाहताना, मी ‘कॅनाबिस’ आणि ‘कॅनाबिडिऑल’ हे दोनच शब्द टाकले आणि अहवाल स्वच्छ आहे म्हणून बाईंपुढे ठेवला. त्यांनी ‘विजया’, ‘भंगा’ आणि ‘हेम्प’ हे शब्द टाकताच चार जवळचे अर्ज वर आले. त्या दिवसापासून मी शब्दांआधी, पेटंटना विषयवार दिलेले वर्गीकरणाचे सांकेतांक पाहते. वनस्पतीजन्य औषधांसाठी ए६१के ३६ हा गट आहे, निश्चित रेणू असलेल्या कॅनाबिनॉइडसाठी ए६१के ३१/३५२ पाहावा लागतो, तर पटावरचे खेळ ए६३एफ ३ मध्ये सापडतात. भाषा कोणतीही असो, सांकेतांक तोच राहतो. इनपास, एस्पेसनेट आणि पेटंटस्कोप हे पेटंटचे तिन्ही ऑनलाइन संग्रह विनामूल्य आहेत, त्यामुळे सरावाला पैसे लागत नाहीत.

गांजाशी संबंधित शोधात आणखी दोन गोष्टी कटाक्षाने तपासाव्या लागतात. पहिली अशी की पेटंट हा दुसऱ्याला रोखण्याचा अधिकार आहे, स्वतः बनवण्याचा परवाना नव्हे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे, आणि शेंड्यांशिवाय असलेली पाने व बिया त्या व्याख्येबाहेर राहतात. पण पानांनाही राज्याचे कायदे लागू असतात, म्हणून कच्चा माल कोणाकडून, कोणत्या परवान्यावर आला हे फाईलमध्ये नोंदलेले असावे. दुसरी गोष्ट जैवविविधता कायद्याची. भारतीय जैविक संसाधन वापरले असेल तर त्याचा स्रोत व भौगोलिक उगम वर्णनात द्यावा लागतो. शिवाय २०२३ च्या दुरुस्तीनंतर भारतीय अर्जदाराला पेटंट हाती येण्यापूर्वी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. उगम लपवला तर तेवढ्याच कारणावरून विरोध दाखल होऊ शकतो.

दुसरी फाईल मला सोपी वाटली होती, आणि तिनेच जास्त दमवले. आपल्या कायद्यात कलम ३ (एम) हे ‘खेळ खेळण्याची पद्धत’ स्पष्ट शब्दांत वगळते. म्हणजे सोंगटी कशी चालवायची, फासे पडल्यावर काय करायचे, कोण जिंकतो हे नियम कितीही कल्पक असले तरी इथे त्यांना पेटंट नाही. अमेरिकेत काही काळ वेगळी स्थिती होती. खेळ रचणारे रिचर्ड गारफिल्ड यांना १९९७ मध्ये पत्त्यांच्या खेळाच्या पद्धतीवरच पेटंट मिळाले होते. पुढे तिथेही दार अरुंद झाले. २०१६ मध्ये ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या एका नव्या प्रकारावरील दावे तिथल्या अपील न्यायालयाने अमान्य केले, मात्र अगदी नवा, मूळचा पत्त्यांचा संच असता तर गोष्ट वेगळी ठरू शकली असती असे सूचित केले. २०१८ मध्ये फाशांच्या एका खेळाचेही तसेच झाले.

यावरून नवख्याने उचलायची गोष्ट अशी की नियमाकडून वस्तूकडे यावे. लिझी मॅगी या बाईंना ५ जानेवारी १९०४ रोजी ‘लँडलॉर्ड्स गेम’साठी मिळालेले ७,४८,६२६ क्रमांकाचे पेटंट मी प्रत्येक उमेदवाराला वाचायला देते. जमीनमालकीतून काही थोड्यांच्या हाती संपत्ती कशी साठते हे लोकांना दाखवावे म्हणून त्यांनी तो खेळ केला होता. पण दाव्यात तो विचार नाही; तिथे कोपऱ्यांतील घरे आणि त्यांच्यामधील कडेच्या घरांची रांग असलेला पट आहे. पुढे १९३५ मध्ये चार्ल्स डॅरो यांच्या नावाने, याच खेळातून निघालेल्या ‘मोनॉपॉली’चे पेटंट निघाले आणि मॅगीबाईंचे १९२४ चे दुसरे पेटंट पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने ५०० डॉलरला घेतले. ही हकीकत वाचताना मला आजही वाईट वाटते, आणि करारनामा करताना ती आठवते.

आमच्या गृहस्थांच्या पटात तीन समकेंद्री चकत्या होत्या. त्या फिरल्या की वाट बदलत असे, आणि सोंगट्यांच्या तळाशी असलेल्या खुंट्या चकतीच्या खाचांत बसत असत. मी उत्साहाने वस्तूवरील दावा लिहिला आणि दाखल करण्याच्या आदल्या दिवशी सहज विचारले, की हा पट कोणाला दाखवला होता का. आठ महिन्यांपूर्वी एका महाविद्यालयाच्या मेळाव्यात तो दोन दिवस मांडला होता आणि तिथे येणाऱ्यांनी फोटोही काढले होते. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला कायद्यात १२ महिन्यांची सूट आहे, पण हा मेळावा तसा नव्हता. चकत्यांचे नावीन्य त्या दोन दिवसांतच संपले होते. त्यानंतर घरी बसून त्यांनी एका दिशेनेच चकती फिरू देणारी आणि डाव संपल्यावर एका कळीने सुटणारी दातेरी अडकण बसवली होती, आणि ती मात्र कोणी पाहिलेली नव्हती. अखेर दावा त्या अडकणीवर बेतला. नियमपुस्तिकेच्या मजकुराला आणि चित्रांना कॉपीराइट होताच आणि नावासाठी ट्रेडमार्कचा अर्ज केला. पटाच्या दिसण्यावर १० अधिक ५ वर्षांचे डिझाइन संरक्षण मिळते, परंतु तेही मेळाव्यामुळे हातचे गेले होते. हा प्रश्न मी पहिल्या भेटीत विचारायला हवा होता. आता माझ्या प्रश्नावलीत तो पहिला आहे आणि संशोधक संकोचू नये म्हणून तीन वेगवेगळ्या रीतींनी विचारला आहे.

ज्याला दाखवण्याची घाई आहे त्याने आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाकावा. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन १,६०० रुपये शुल्क पडते आणि पूर्ण वर्णन देण्यासाठी १२ महिने मिळतात. मार्च २०२४ च्या नियमांनंतर परीक्षणाची विनंती ३१ महिन्यांत करावी लागते. जुन्या पुस्तकांत ४८ महिने छापलेले असल्याने पेटंट एजंटच्या परीक्षेला बसणारे इथे हमखास चुकतात.

परीक्षेविषयी थोडे सांगते. पेटंट एजंट होण्यासाठी भारतीय नागरिकत्व, २१ वर्षे पूर्ण आणि विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते, केवळ विधीची पदवी पुरत नाही. दोन लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा असते. प्रत्येक लेखी पेपरात किमान ५० आणि एकूण ६० टक्के गुण हवेत. पहिला पेपर कायद्याचा असतो आणि वाचनाने निघतो. दुसऱ्यात दावे लिहायचे असतात आणि तिथे फक्त हाताचा सराव कामी येतो. नागपूरकरांना एक मोठी सोय आहे. सिव्हिल लाइन्समध्ये राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, जिथे पेटंट परीक्षकांनाही प्रशिक्षण दिले जाते आणि बाहेरच्यांसाठीही कार्यक्रम होतात. अर्ज मात्र महाराष्ट्रातून मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात, आणि सुनावणी बहुतेक वेळा दृक्श्राव्य पद्धतीने होत असल्याने विदर्भातून काम करणे आता अवघड राहिलेले नाही.

सरावासाठी मी मुलांना घरातलीच वस्तू उचलायला सांगते. मागच्या उन्हाळ्यात एका मुलीने अष्टाचंगाचा पट आणला होता. नियमाचा एकही शब्द न वापरता त्या पटावर दावा लिहायला मी तिला सांगितले, तेव्हा तिने सात ओळी लिहिल्या आणि मग एकेक अट खोडत तीन ओळींवर आली. खोडलेली प्रत्येक अट का गेली हे ती सांगू शकत होती, म्हणून पुढच्या आठवड्यात मी तिच्या हाती खरी फाईल दिली.