आधी नॉइज, मग शार्पनिंग
कमी उजेडात, जास्त आयएसओवर (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) काढलेल्या फोटोतले दाणे, म्हणजेच नॉइज, आधी कमी करा, शार्पनिंग (कडा ठळक करणं) नंतर. उलट केलंत तर दाणेही ठळक होतात. फोटो १०० टक्के झूमवर बघतच काम करा. रंगीत ठिपके बिनधास्त घालवा, पण करड्या दाण्यांना जपून हात लावा, नाहीतर चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो. थोडे दाणे राहिलेले केव्हाही बरे! लाइटरूम या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंगचा मास्किंग स्लायडर ऑल्ट (मॅकवर ऑप्शन) दाबून सरकवा: पांढरं दिसेल तिथेच शार्पनिंग लागतं, मोकळं आकाश वाचतं. पैसे खर्चायचे नसतील तर डार्कटेबल हे सॉफ्टवेअर घ्या, मोफत आहे. त्यातलं प्रोफाइल्ड डीनॉइज हे दाणे कमी करणारं साधन तुमचा कॅमेरा आणि आयएसओ ओळखून सुरुवातीची मूल्यं ठरवतं. त्यासाठी फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा.