पोर्टच्या जागा पिकताहेत? तपास करताना या चुका टाळा

मिरजेत ऑपरेशन झालेला पेशंट मिरजेचाच असतो असं नाही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, सीमेपलीकडून अथणी-चिकोडी, कुठून कुठून माणसं येतात. पित्ताशय दुर्बिणीनं काढून घेतात, दोन-तीन दिवसांत घरी जातात आणि टाके गावातल्याच डॉक्टरकडे काढतात. महिना-दीड महिन्यानं बेंबीजवळच्या पोर्टच्या जागी, म्हणजे दुर्बीण आत घालायला पाडलेल्या छिद्राच्या जखमेत, गाठ येते, त्यातून पाणी झिरपायला लागतं. गावातले डॉक्टर पाच दिवसांचा कोर्स देतात. थांबल्यासारखं वाटतं, पुन्हा सुरू होतं. ज्यानं ऑपरेशन केलं त्या सर्जनला यातलं काहीच कळत नाही. कळेपर्यंत असे पाच-सहा पेशंट झालेले असतात. मग जी धावपळ उडते, त्यात पुरावा पहिल्याच दिवशी धुऊन निघतो.

आधी फवारणी, मग तपास

आपल्याकडे इन्फेक्शन म्हटलं की पहिला हुकूम सुटतो: ओटी (ऑपरेशन थिएटर) बंद करा, फ्युमिगेशन करा. सायडेक्सचा, म्हणजे इन्स्ट्रुमेंट बुडवायच्या ग्लुटाराल्डिहाइड जंतुनाशकाचा, ट्रे ओतून टाकतात, नवीन कॅन फोडतात, इन्स्ट्रुमेंट घासूनपुसून ऑटोक्लेव्हला लावतात. चार दिवसांनी कोणीतरी मायक्रोबायॉलॉजिस्टला बोलावतं, तोवर नमुना घ्यायला काही उरलेलं नसतं. ऑपरेशनं थांबवायची असतील तर जरूर थांबवा, पण ट्रेमधलं द्रावण, शेवटचं खळबळायचं पाणी आणि वापरलेली ट्रोकार (पोर्टमधून पोटात घालायची नळी) आहे त्या अवस्थेत बाजूला काढून ठेवा. भिंती धुरावून फारसं काही साधत नाही, कारण हे जंतू बहुधा भिंतीवरून आलेलेच नसतात.

लॅबला न सांगता स्वॅब पाठवणं

अशा उशिरा पिकणाऱ्या जखमांत बऱ्याचदा मायकोबॅक्टेरियम अॅब्सेसस, फॉर्च्युइटम किंवा किलोनी सापडतात. ही टीबीच्या जंतूची चुलत भावंडं, पण पाण्यात आणि मातीत राहणारी. साध्या कल्चरची प्लेट लॅबमध्ये ४८ तासांनी टाकून दिली जाते, आणि यांना दिसायला तीन ते सात दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणून रिपोर्ट येतो ‘नो ग्रोथ’, आणि सर्जन निर्धास्त होतो.

लॅबला फोन करा. स्वॅबऐवजी पू किंवा टिश्यू पाठवा, झेड-एन स्टेन (टीबीच्या जातीचे जंतू लाल दाखवणारी रंगतपासणी) मागा, प्लेट ठेवून द्यायला सांगा. इथेच दुसरा खड्डा आहे. स्टेनमध्ये लाल दांडके दिसले की लगेच एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू होते. टीबीची नेहमीची औषधं यांच्यावर सहसा चालत नाहीत. पेशंट सहा महिने गोळ्या खातो आणि गाठ तशीच राहते. प्रजाती ओळखून, सेन्सिटिव्हिटी पाहूनच औषध ठरवायचं असतं.

आणि सापडलेला जंतू फेकू देऊ नका. पेशंटमधला आणि पाण्यातला जंतू एकाच नावाचा निघाला म्हणजे तो तिथूनच आला असं सिद्ध होत नाही. हे जंतू नळाच्या पाण्यात तसेही असतात. दोन्ही एकाच स्ट्रेनचे आहेत का, हे जीनोम सीक्वेन्सिंगनं कळतं. त्यासाठी आयसोलेट, म्हणजे नमुन्यातून वेगळा वाढवलेला जंतू, जपून ठेवलेला हवा.

यादी न करता संशय घेणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे. स्वॅब घ्यायला सगळे तयार असतात, पण केसपेपर उघडून बसायला कोणाला वेळ नसतो. वास्तविक उत्तर बहुतेकदा त्या कंटाळवाण्या कागदांतच असतं.

आधी केसची व्याख्या लिहून काढा: अमुक तारखेनंतर या ओटीत लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीचं ऑपरेशन) झालेला, आणि पोर्टच्या जागी दोन आठवड्यांनंतर गाठ किंवा स्राव असलेला पेशंट. मग ओटी रजिस्टरमधल्या त्या काळातल्या सगळ्यांना फोन लावा, तक्रार घेऊन आलेल्यांनाच नव्हे. फोन न लागणारे बरेच निघतील, तेव्हा गावातल्या डॉक्टरांना विचारा. मग एक तक्ता करा: तारीख, सर्जन, कोणता सेट, किती पोर्ट, कोणत्या पोर्टला त्रास, आणि त्या दिवसाच्या लिस्टमध्ये नंबर कितवा.

हा शेवटचा रकाना हमखास विसरला जातो. लहान हॉस्पिटलमध्ये लॅप्रोस्कोपीचा सेट एक नाहीतर दोन. सकाळच्या पहिल्या केसला रात्री ऑटोक्लेव्ह झालेला सेट मिळतो. दुसरी केस टेबलावर येईपर्यंत तोच सेट धुऊन २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये वीस मिनिटं बुडवतात, खळबळतात आणि वापरतात. तक्त्यात पहिल्या नंबरचे पेशंट कोरडे आणि दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचे पिकलेले दिसले, तर कुठे पाहायचं हे स्वॅबच्या आधीच कळतं. मात्र तुलनेसाठी बरे झालेले पेशंटही तक्त्यात हवेतच. नुसती आजाऱ्यांची यादी पाहिली तर सगळ्यांना एकच सर्जन, एकच भूल आणि एकच मावशी दिसेल, आणि गरीब मावशीवर बिल फाटेल.

ट्रेजवळ उभं न राहणं

विचारलंत तर सगळे प्रोटोकॉलच सांगतील. तोंडी उत्तर घेऊ नका, एक पूर्ण फेरी उभं राहून पाहा. ट्रोकारचा व्हॉल्व्ह सुटा केला जातो का? ग्रास्परच्या (पकडायच्या चिमट्याच्या) सांध्यात अडकलेलं रक्त ब्रशनं निघतं का, की नळाखाली धरून काम भागतं? घाण राहिली तर द्रावण आतपर्यंत पोचतच नाही. ओली इन्स्ट्रुमेंट दिवसभर बुडत राहिली की द्रावण पातळ होत जातं. चौदा दिवसांचं द्रावण चौदा दिवस चालेल असं धरू नका, टेस्ट स्ट्रिपनं रोज तपासा. आणि शेवटचं पाणी कुठलं? पातेल्यातलं ‘उकळलेलं’, टाकीतलं, की आरओचं? आरओचं पाणी प्यायला ठीक, पण ते निर्जंतुक नसतं. वीस मिनिटं मेहनत घेऊन शेवटी त्या पाण्यात बुडवलं की जंतू पुन्हा चिकटले.

पण सगळं खापर पाण्यावर फोडूनही चालत नाही. रिओ द जानेरोत २००६-०७ मध्ये अशाच ऑपरेशनांनंतर साठहून जास्त हॉस्पिटलांत हजाराच्या आसपास संशयित केसेस झाल्या. तिथला मायकोबॅक्टेरियम मॅसिलिएन्स २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडला दाद देत नव्हता. जे साधन पोटात जातं ते वीस मिनिटांच्या बुडवणीनं निर्जंतुक होत नाही. सोसेल ते ऑटोक्लेव्ह करा, न सोसणाऱ्यासाठी ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायू) किंवा प्लाझ्मा निर्जंतुकीकरण. दुसरा सेट विकत घेणं महाग वाटतं, ते खरंच आहे.

‘आम्ही कंपनीच्या सूचना पाळल्या’

पाळल्या असतील. अमेरिकेत २०१५ च्या सुमारास ड्युओडेनोस्कोपमुळे (तोंडातून लहान आतड्यापर्यंत घालायच्या दुर्बिणीमुळे) औषधांना न जुमानणारे जंतू पेशंटमध्ये पसरले, आणि त्यातल्या काही ठिकाणी सूचना नीट पाळल्या गेल्या होत्या. स्कोपच्या टोकाला असलेल्या हलत्या भागाची रचनाच साफ करायला अवघड होती. हृदय शस्त्रक्रियेत रक्ताचं तापमान राखणाऱ्या हीटर-कूलर यंत्राचं पाणी तर रक्ताला शिवतही नाही, पण त्याच्या टाकीतला मायकोबॅक्टेरियम किमेरा तुषारांतून उघड्या छातीत गेला आणि काही पेशंटमध्ये वर्षांनंतर आजार दिसला. तेव्हा साधन दोषी वाटलं तर ते दुरुस्तीला परत पाठवायच्या आधी नमुना घ्या, सीरियल नंबर लिहा, फोटो काढा. वैद्यकीय साधनांमुळे झालेल्या त्रासाची नोंद घेणाऱ्या मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडियाकडे रिपोर्ट करा. हा कार्यक्रम २०१५ पासून सुरू आहे, पण लहान हॉस्पिटलांत त्याची आठवण क्वचितच कोणाला होते.

नमुना घेताना एक बारीक गोष्ट. पृष्ठभागावर जंतुनाशक उरलेलं असेल तर ते स्वॅबमध्येच जंतू मारतं, म्हणून न्यूट्रलायझर (उरलेल्या जंतुनाशकाचा परिणाम थांबवणारं द्रव्य) असलेलं माध्यम मागा. क्लोरीन असलेल्या पाण्याच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट हवं. नाहीतर निगेटिव्ह रिपोर्टला काही अर्थ राहत नाही.

नवी केस आली म्हणजे उपाय फसला

सेट बदलला, पाणी बदललं, आणि दोन महिन्यांनी पुन्हा एकीला गाठ आली. लगेच सगळे हताश होतात, किंवा जुनीच पद्धत बरी होती म्हणायला लागतात. हा जंतू उशिरा उगवतो. त्यामुळे तक्त्यात नवं नाव चढवताना तक्रारीची तारीख बाजूला ठेवा आणि ऑपरेशनची तारीख पाहा. ती बदलाच्या आधीची असेल तर ती जुन्याच साथीतली आहे. बदलानंतरची असेल तर ट्रेजवळ पुन्हा उभं राहायला जा.