परदेशी क्रूझची तयारी: आधी बंदरांची यादी, मग व्हिसा, मग बॅगा

क्रूझचं बुकिंग झालं की घरात दोन कामं एकदम सुरू होतात. एकीकडे व्हिसाचे कागद जमवायचे, दुसरीकडे माळ्यावरच्या बॅगा खाली काढायच्या. या दोन्ही कामांची सुरुवात एकाच कागदापासून करावी: बोट कोणत्या दिवशी, कोणत्या बंदराला, किती वाजता लागणार याची यादी. कोणता व्हिसा लागेल, किती वेळा प्रवेशाची परवानगी हवी, कोणत्या चपला घ्यायच्या, कोणता फराळ घरीच ठेवायचा, हे सगळं त्या यादीवरून ठरतं.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. व्हिसाची जबाबदारी प्रवाशाची असते, क्रूझ कंपनीची किंवा एजंटची नाही. टर्मिनलवर कागद अपुरे निघाले तर बोटीवर चढू देत नाहीत आणि तिकिटाचे पैसेही बहुधा परत मिळत नाहीत. म्हणून एजंट कितीही भरवशाचा असला तरी पुढच्या गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी तपासाव्यात.

पायरी पहिली: यादी मांडून बसा

एका कागदावर रकाने आखा: तारीख, बंदर, देश, तो देश शेंगेनमध्ये (एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे का, बोट धक्क्याला लागणार की बाहेर नांगर टाकून छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर नेणार. भूमध्य समुद्राचंच उदाहरण घेऊ.

बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, नेपल्स, मेस्सीना, व्हॅलेटा आणि परत बार्सिलोना, हा एक नेहमीचा मार्ग. स्पेन, फ्रान्स, इटली आणि माल्टा हे चारही देश शेंगेनमध्ये आहेत. त्यामुळे सगळ्या बंदरांना मिळून एकच शेंगेन व्हिसा पुरतो आणि एकदा प्रवेशाची परवानगीही चालते.

आता दुसरा मार्ग बघा: अथेन्सजवळच्या पिरेयसहून निघून तुर्कस्तानातलं कुशादासी, मग ऱ्होड्स, सॅन्टोरिनी आणि परत पिरेयस. ग्रीस शेंगेनमध्ये आहे, तुर्कस्तान नाही. कुशादासीला बोट लागली की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात आणि ऱ्होड्सला उतरताना पुन्हा आत आलात. हा दुसरा प्रवेश झाला. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर इथे अडकायला होतं. अशा मार्गासाठी अर्जातच ‘मल्टिपल एंट्री’ मागावी आणि सोबतच्या पत्रात बंदरांची नावं देऊन कारण लिहावं.

हाच हिशेब जगात इतरत्रही लागू पडतो. सिएटलहून निघणाऱ्या अलास्काच्या बोटी वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या बंदराला थांबतात. त्यामागे अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी ध्वजाच्या बोटीला एका अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये परदेशी बंदराला न लागता, अमेरिकेतच फेरी पूर्ण करता येत नाही. त्यामुळे जाहिरातीत नुसतं ‘अलास्का’ लिहिलं असलं तरी आपल्याला अमेरिका आणि कॅनडा दोन्हींच्या कागदांचा विचार करावा लागतो. सिंगापूरहून पेनांग किंवा फुकेतला जाऊन परत येणाऱ्या बोटीतही सिंगापूरमध्ये दोनदा प्रवेश होतो. तिथला व्हिसा किती प्रवेशांचा आहे ते बघा आणि तिथलं ऑनलाइन अरायव्हल कार्ड परततानाही भरायचं आहे हे लक्षात ठेवा. मलेशिया आणि थायलंड भारतीयांना व्हिसातून देत असलेली सूट वेळोवेळी बदलते, तेव्हा निघण्याच्या महिन्यात त्या देशांच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा एकदा नजर टाका.

पायरी दुसरी: अर्ज कोणत्या देशाकडे करायचा

पुष्कळांची चूक इथेच होते. बोट बार्सिलोनाहून सुटते म्हणून स्पेनकडे अर्ज करायचा, असं सरळ उत्तर नाही. नियम असा आहे की ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज. कोणताच देश वरचढ ठरत नसेल, तर शेंगेनमध्ये जिथून पहिल्यांदा शिरणार त्या देशाकडे.

वरच्या पहिल्या मार्गात जेनोआ, नेपल्स आणि मेस्सीना असे इटलीचे तीन दिवस होतात, स्पेनचे चढण्या-उतरण्याचे दोन. नुसतीच क्रूझ असेल तर अर्ज इटलीकडे जातो. पण त्याच सहलीत आधी तीन रात्री बार्सिलोनात राहणार असाल, तर पारडं स्पेनकडे झुकतं. म्हणून हॉटेलच्या रात्री आणि बंदरांचे दिवस एकत्र मोजा, आणि मोजणी झाल्यावरच अपॉइंटमेंट घ्या.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, मात्र प्रसंगी ४५ दिवसही लागू शकतात. शाळांच्या सुट्टीत अपॉइंटमेंट मिळणंच कठीण होतं. माझं मत विचाराल तर मे महिन्याच्या सहलीसाठी जानेवारीतच तारीख धरावी. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि त्याहून लहानांना माफ आहे. अर्ज जिथे द्यायचा त्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे ५९ महिन्यांपर्यंत चालतात, पण ते पुन्हा वापरायचे की नव्याने घ्यायचे हे केंद्रावर ठरतं.

पायरी तिसरी: कागदपत्रं

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, शेंगेनमधून बाहेर पडल्यावर निदान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत. क्रूझ कंपन्या बहुधा सहा महिने मागतात, म्हणून सहा महिनेच धरून चाला. मुदत काठावर असेल तर आधी नूतनीकरण, मग बुकिंग.

नावाकडे आपल्या लोकांनी जरा जास्तच लक्ष द्यायला हवं. महाराष्ट्रातल्या पुष्कळ पासपोर्टांवर पहिल्या नावाच्या रकान्यातच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं. विमानाचं तिकीट, क्रूझचं बुकिंग, विमा आणि व्हिसाचा अर्ज या चारही ठिकाणी नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर, यायला हवं. लग्नानंतर आडनाव बदललं असेल आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल, तर प्रवासापुरतं सगळीकडे माहेरचंच नाव चालू द्या.

बाकी गठ्ठा ओळखीचा आहे: ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, शिक्क्यासह बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरदारांना पगाराच्या स्लिप आणि रजेचं पत्र, निवृत्तांना पेन्शनचे कागद, विमानाचं आरक्षण, आधी-नंतरच्या हॉटेलांची पक्की नोंद. यात क्रूझचं कन्फर्मेशन असं हवं की त्यावर सगळ्या प्रवाशांची नावं आणि सगळी बंदरं तारखांसह छापलेली असतील. नुसती पैसे भरल्याची पावती पुरत नाही. नातवंडांना घेऊन आजी-आजोबा निघाले असतील, तर आई-वडील दोघांचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि मुलाचा जन्मदाखला लागतो.

विम्याबद्दल थोडं सविस्तर. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण सक्तीचं आहे. पण फक्त शेंगेन देशांपुरती पॉलिसी घेतली, तर कुशादासीचा दिवस उघडा पडतो. पॉलिसीत सगळी बंदरं येतात का आणि बोटीवरचा दवाखाना व समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे विचारून घ्या. बोटीवरच्या डॉक्टरचं बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं. पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर विमा कंपनीकडून मिळवायचे. घरातले ज्येष्ठ सोबत असतील तर या बाबतीत स्वस्तातली पॉलिसी बघू नका. जुने आजार लपवूही नका.

तुर्कस्तानसाठी भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. शेंगेन, ब्रिटन, अमेरिका किंवा आयर्लंडचा वैध व्हिसा असणाऱ्यांना ई-व्हिसाची सोय आहे. बोटीने येऊन बंदराचं शहर बघून त्याच बोटीने परतणाऱ्यांना ७२ तासांपर्यंत सवलत मिळते, पण आपल्या बोटीवर, आपल्या पासपोर्टला ती लागू आहे का, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्यावं. फोनवरचं ‘हो हो, काही लागत नाही’ टर्मिनलवर उपयोगाला येत नाही.

व्हिसा हातात आला की त्याच दिवशी स्टिकर वाचा: नाव, पासपोर्ट क्रमांक, कधीपासून कधीपर्यंत, किती दिवस राहता येईल, किती प्रवेश. काही चुकलं असेल तर दुरुस्तीला तेव्हाच वेळ असतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी संगणकीय नोंदणीही सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाला रांगेत जास्त वेळ धरा.

पायरी चौथी: बॅगा

बोट सुटायच्या दिवशीच सकाळी तिथे उतरणारं विमान घेऊ नका. आदल्या दिवशी पोहोचा. विमान उशिरा आलं तर बोट थांबत नाही, आणि बॅग मागे राहिली तर ती मिळवायला निदान एक रात्र हाताशी राहते. नवरा-बायको असाल तर दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत अर्धे-अर्धे भरा, म्हणजे एक बॅग उशिरा आली तरी दोघांचं भागतं.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा हमाल घेतात आणि केबिनच्या दाराशी त्या दुपारनंतर, कधी संध्याकाळी येतात. त्यांना लावायची लेबलं ऑनलाइन चेक-इननंतर मिळतात. ती घरूनच रंगीत छापून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून न्या. हातातल्या बॅगेत पासपोर्ट, विम्याची प्रत, सगळी औषधं, चष्मा, चार्जर, एक कपड्यांचा जोड आणि मुलांचे पोहण्याचे कपडे असू द्या. पॉवर बँक तर विमानातही हातातल्याच बॅगेत लागते. औषधं मूळ स्ट्रिपमध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि चार-सहा दिवसांची जादा घ्या. बोट लागण्यावर, म्हणजे बोटीच्या हेलकाव्यांनी होणाऱ्या मळमळीवर, डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्याव्यात. सोबत आलेपाकाची वडी ठेवायला हरकत नाही, बऱ्याच जणांना तिने बरं वाटतं.

इस्त्री, पाणी तापवायची किटली, मेणबत्ती, निरांजन आणि सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेन्शन वायर बोटीवर चालत नाही. समुद्रात आग हा सर्वांत मोठा धोका असतो, त्यामुळे सापडली की काढून घेतात. म्हणून कपडे न चुरगळणारे घ्या. औपचारिक पोशाखाच्या रात्रीसाठी नवा सूट शिवायची गरज नाही. पैठणी, रेशमी कुर्ता किंवा बंदगळा मानाने चालतो आणि फार शोभून दिसतो. केबिनच्या भिंती बहुतेक वेळा पत्र्याच्या असतात, तिथे चुंबकाचे हुक उपयोगी पडतात.

पायांची काळजी यादी बघून करा. नेपल्सला उतरून पॉम्पेई बघायचं तर ओबडधोबड दगडी रस्त्यांवर तास न् तास चालावं लागतं. व्हॅलेटात चढ आणि पायऱ्या. वापरून मऊ झालेले बूटच घाला. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, तेव्हा ओढणी किंवा स्टोल रोजच्या पिशवीत असू द्या. डेकवर संध्याकाळी वारा बोचतो. पातळ विंडचीटर पुरतो.

आता खाऊ. बोटीवर स्वयंपाक करता येत नाही आणि घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक कंपन्या आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे भाजणी, पिठं नेण्यात अर्थ नाही. दुकानातून सीलबंद आणलेला चिवडा किंवा बाकरवडी सहसा चालते. युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणून तूप, पनीर, खवा घरीच ठेवा. तिकडच्या भाचीसाठी हापूस नेण्याचा मोह फार होतो, पण वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आंबाही नेता येत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या चेक-इन बॅगेत घालू नका. खोबरं आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं. दुबई किंवा अबू धाबीवरून जाणार असाल तर खसखस अजिबात नको, म्हणजे अनारसेही नकोत, कारण अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. कोडीनयुक्त खोकल्याचं औषधही त्या वाटेने नेऊ नये. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी सांगा.

बोटीवर चढल्यावर

पहिलं काम सुरक्षा कवायत. ती टाळता येत नाही, टाळूही नये. संकटाच्या वेळी आपलं जमण्याचं ठिकाण पायी जाऊन बघून या. काही बोटींवर पासपोर्ट जमा करून घेतात, म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांची प्रत प्रत्येकाच्या खिशात हवी. बंदरात उतरताना बोटीचं कार्ड, ती प्रत आणि त्या बंदरातल्या कंपनीच्या स्थानिक एजंटचा फोन नंबर सोबत ठेवा. घड्याळ बोटीच्या वेळेवर लावा. ती किनाऱ्यावरच्या वेळेपेक्षा वेगळी असू शकते.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट टर्मिनलवर मिळतात. बॅग बाहेर सरकवण्याआधी सकाळचे कपडे, बूट, औषधं आणि पासपोर्ट बाजूला काढलेत याची खात्री करा. निघताना तिजोरी रिकामी करून तिचं दार उघडंच ठेवा.