शिक्षकांचा ताण: शाळेच्या वेळेतच कसा उतरवायचा

'मे महिन्यात बघू आरामाचं' असं म्हणत वर्ष काढणाऱ्यांची सुट्टी अर्धी आजारपणात आणि अर्धी निकालपत्रकांत जाते. ताण रोज साठतो, तेव्हा तो रोज थोडा थोडा उतरवलेला बरा. त्यासाठी पहाटे चारचा गजर लावायची गरज नाही.

सुरुवात घशापासून करा. वर पत्रा, समोर पन्नास-साठ मुलं, शेजारच्या वर्गात पाढे चाललेले. आपोआप आवाज चढतो. आवाज चढला की जबडा आणि मान आवळते, आणि चौथ्या तासाला होणाऱ्या चिडचिडीत मुलांच्या खोड्यांइतकाच या थकलेल्या घशाचा वाटा असतो.

घशासाठी एक स्ट्रॉ पुरते. पेल्यात पाणी घ्या, स्ट्रॉचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवा आणि तोंडाने 'ऊऽऽ' असा आवाज काढत बुडबुडे येऊ द्या. गाल सैल हवेत. एका श्वासात सात-आठ सेकंद, मग थांबून पुन्हा, असं दोन-तीन मिनिटं. शाळेला निघण्याआधी एकदा आणि घरी आल्यावर एकदा. पाण्याच्या हलक्या उलट दाबामुळे स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटत नाहीत, सैलपणे हलतात. स्ट्रॉ जास्त खोल गेली तर जोर लावावा लागतो आणि फायदा उलटतो. ती वर घ्या. बुडबुडे तुटायला लागले म्हणजे श्वास संपला, तिथेच थांबा, रेटू नका.

दिवसभर घसा खाकरत राहणं मात्र वाईटच, कारण दर खाकरण्यात स्वरतंतूंना मार बसतो. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा एक घोट घ्या. घसा बसलाय म्हणून कुजबुजत शिकवणं हाही उपाय नाही, त्यानेही ताण पडतो; हळू पण नेहमीच्या आवाजात बोला. वर्ग शांत करायला टाळ्यांचा एक ठेका ठरवा, मुलांनी तोच ठेका परत वाजवायचा. आपल्या सोलापुरात एकाच बाकावर मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी मुलं बसतात, तिथे हा ठेका तीन भाषांत ओरडण्याचे कष्ट वाचवतो. पहिला आठवडा मुलं मजेने वाजवत बसतील, तेवढं चालवून घ्या.

तास बदलताना मिळणारा दीड मिनिट श्वासाला द्या. चार अंक मोजत नाकाने श्वास आत, सहा ते आठ मोजत बाहेर, असं सहा-सात वेळा. श्वास सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके मंदावतात. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे छाती फुगवून भराभर मोठे श्वास घेणं. त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन गरगरतं. श्वास संथ हवा, मोठा नको. मग खांदे कानापर्यंत उचलून पाच सेकंद धरा, एकदम सोडा. पाच वेळा.

पाण्याचं दुखणं वेगळंच. स्वच्छतागृहाची सोय धड नसल्याने अनेक शिक्षिका दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत. मग डोकेदुखी, लघवीचा संसर्ग, सगळं मागे लागतं. पाणी कमी करण्यापेक्षा शेजारच्या वर्गाच्या बाईंशी दहा मिनिटं वर्ग सांभाळायची अदलाबदल ठरवून घ्या.

सकाळच्या शाळेला नुसत्या चहावर जाऊ नका. अर्धी भाकरी, दही आणि शेंगा चटणी दहा मिनिटांत खाऊन होते. चटणी सोडा असं सोलापूरकराला कोण सांगणार? पण घसा बसला असेल तर दही जास्त घ्या.

आता मोबाइल. ग्रुपवर रात्री साडेनऊला 'आजच माहिती भरा' येतं आणि झोप उडते. ग्रुप म्यूट करून दिवसातून दोनदाच बघा, मधल्या सुट्टीत आणि संध्याकाळी साडेसहाला. मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा: 'सर, तातडीचं असेल तर फोन करा, मी उचलेन.' न सांगता म्यूट केलं तर मात्र दुसऱ्या दिवशी ऐकून घ्यावं लागतं आणि ताण दुप्पट होतो. ऑनलाइन माहिती शेवटच्या तारखेवर टाकू नका, त्या दिवशी सर्व्हर हटकून रखडतो.

घरी आल्यावर सोलापुरी नॅपकिन सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळा आणि मानेवर दहा मिनिटं ठेवा. एप्रिल-मेमध्ये हेच साध्या पाण्याने करा. ऊन उतरल्यावर सिद्धेश्वर तलावाकाठी किंवा विजापूर रोडच्या संभाजी तलावाकडे वीस मिनिटं चाला. सोबत सहकारी असेल तर शाळेचा विषय पहिल्या पाच मिनिटांत संपवा.

तीन आठवडे घसा मोकळा झाला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. दोन आठवडे झोप लागत नसेल, शाळेच्या विचाराने सकाळी छातीत धडधडत असेल किंवा जगणं नको वाटत असेल तर घरगुती उपायांवर थांबू नका. 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवड्यांची वाट बघू नका, त्याच रात्री फोन लावा.