चौदा टीम फिरलेल्या पिचरचं करिअर कसं वाचायचं

अमेरिकेत राहणारे आपले बरेच लोक बेसबॉल बघायला लागले की आधी पिचरचा (बॉल टाकणाऱ्याचा) विन-लॉस, म्हणजे त्याच्या नावावरचे विजय-पराभव, बघतात आणि लगेच निकाल लावून मोकळे होतात. एडविन जॅक्सन या पिचरचं आकडेवारीचं पान उघडलं तर १०७ विजय, १३३ पराभव, ईआरए (हा काय ते खाली येतंय) ४.७८, वर १४ वेगवेगळ्या टीम (हा रेकॉर्ड!), म्हणजे कोणालाच नको असलेला माणूस, असंच वाटणार ना? थांबा जरा.

आधी ट्रान्झॅक्शनची यादी उघडा, आकडे नंतर. प्रत्येक टीमपुढे बघा की ट्रेड झाला, कॉन्ट्रॅक्ट संपलं, की रिलीज केलं (म्हणजे टीमने सोडून दिलं). या तिन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ट्रेड म्हणजे समोरच्याने काहीतरी देऊन त्याला घेतलंय. जॅक्सन २००९ मध्ये डेट्रॉइटकडून ऑल-स्टार झाला (म्हणजे त्या वर्षीच्या निवडक खेळाडूंत आला) आणि त्याच डिसेंबरला तीन टीमच्या ट्रेडमध्ये ॲरिझोनाला गेला, त्या सौद्यात मॅक्स शेर्झर (पुढे आपल्या काळातला एक सर्वोत्तम पिचर ठरलेला) डेट्रॉइटला आला, बघा कसल्या लोकांबरोबर नाव होतं. २०११ च्या जुलैत तर एकाच दिवशी शिकागो व्हाइट सॉक्सकडून टोरंटो आणि तिथून सेंट लुइस! आणि त्याच वर्षी सेंट लुइसने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकली.

रिलीज दिसायला लागलं की गाडी उतरणीला लागली समजा. शिकागो कब्ज टीमने त्याला ४ वर्षांचे ५ कोटी २० लाख डॉलर दिले, २०१३ मध्ये तो ८-१८ (८ विजय, १८ पराभव) गेला (टीमच ६६-९६ होती, हेही बघा), आणि २०१५ मध्ये करार संपायच्या आधीच सोडलं. त्यानंतरची बरीचशी कॉन्ट्रॅक्टं मायनर लीगची, म्हणजे आधी खाली खेळून दाखव, मग वर घेऊ.

आता आकडे. ईआरए म्हणजे नऊ इनिंगला (एका पूर्ण मॅचला) सरासरी किती रन त्याच्या खात्यावर, आपल्या बोलिंग ॲव्हरेजसारखंच समजा, कमी तेवढं चांगलं. तो वर्षावर्षाने वाचा, आणि शेजारचा इनिंगचा कॉलम सोडू नका, कारण वर्षाला २०० इनिंग टाकणारा माणूस टीमला दर पाचव्या दिवशी (पिचर आळीपाळीने टाकतात) हवाच असतो, थोडा महाग पडला तरी.

मग एखादी मॅच पूर्ण बघा, हायलाइट नको. जॅक्सनची २५ जून २०१० ची घ्या, टँपा बे विरुद्ध, म्हणजे त्याच्याच जुन्या टीमविरुद्ध. नो-हिटर टाकली (समोरच्या टीमला मॅचभर एकही हिट नाही) पण १४९ पिच, म्हणजे टाकलेले बॉल, आणि ८ वॉक (चार बॉल बाहेर टाकून बॅटरला फुकट पहिला बेस), त्यातले ७ पहिल्या तीन इनिंगमध्येच, आणि स्कोअर फक्त १-०! बॉल जोरात पण स्ट्राइक झोन (बॉल जिथून जायला हवा ती चौकट) सापडत नाही. याला काढायचं की ठेवायचं हा प्रश्न प्रत्येक टीमला का पडायचा ते या एका मॅचमध्ये कळतं. मला विचाराल तर त्याचा वेग बघून प्रत्येक मॅनेजरला वाटायचं की कंट्रोल मी शिकवतो 😄

हे जमलं की रिच हिल हा पिचर घ्या. त्यानेही २०२५ मध्ये कॅन्सस सिटीकडून खेळून १४ चा आकडा गाठला. त्याच्या पानावर २०१५ पासून सुरुवात करा, त्या वर्षी तो मेजर लीगच्या बाहेर, इंडिपेंडंट लीगमध्ये पिचिंग करून बॉस्टनला परत आला होता.