बाळंतपणाच्या आगेमागे तोंड वाकडं झालं? या चुका टाळा

चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळतं, हसू एकाच बाजूला उमटतं, डोळा मिटता मिटत नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत किंवा बाळंतपणानंतर लगेच असं झालं की घरात म्हणतात, "वारं लागलं." मग कान बांधून शेक देत चार दिवस वाट बघितली जाते. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

चेहऱ्याची नस कानाजवळच्या हाडातल्या अरुंद वाटेने जाते. तिथे तिला सूज आली की ती दाबली जाते. हीच बेल्स पाल्सी. सूज उतरवणारं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड पहिल्या 72 तासांत सुरू झालं तर चेहरा पूर्ववत होण्याची शक्यता वाढते. "पोटात बाळ आहे, स्टेरॉइड नकोच," हे परस्पर ठरवू नका. शुगर आणि बीपीवर लक्ष ठेवून डॉक्टर ते देतात, आणि त्यासाठी अंगावरचं दूध सहसा तोडावं लागत नाही.

बीपी त्याच दिवशी मोजून घ्या, लघवीतलं प्रोटीनही तपासा. गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब आणि हा त्रास कधीकधी जोडीने येतात.

भुवया उचलून बघा. बेल्स पाल्सीत त्या बाजूच्या कपाळावर आठ्या नीट पडत नाहीत. आठ्या दोन्हीकडे पडतात आणि फक्त तोंड वाकडं आहे, हातपाय लुळे पडलेत, बोलणं अडखळतंय किंवा डोकं असह्य दुखतंय, तर मेंदूचा झटका असू शकतो. थेट 108 ला फोन करा. आठ्या पडत नाहीत म्हणून घरी थांबायचं, असंही नाही; निदान डॉक्टरांनाच करू द्या.

डोळ्याकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होतं. पापणी मिटत नाही म्हणजे बुबुळ कोरडं पडतं, जखम होऊ शकते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम, आणि पापणी पूर्ण मिटवून वर सर्जिकल टेप. उघड्या डोळ्यावर कापूस ठेवू नका, तो बुबुळाला घासतो. ओवा-शेपाची धुरी बाळंतिणीच्या खोलीत नको म्हणजे नकोच. मायेने केलेली असली तरी त्या उघड्या डोळ्याला ती झोंबते.

फुगे फुगवणं, सतत च्युइंगगम चघळणं, करंटचे शेक हे कुणी सांगितलं म्हणून करू नका. फिजिओथेरपिस्ट शिकवतील ते हलके व्यायाम आरशासमोर करा. बहुतेक बायका काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बऱ्या होतात. कानाजवळ पाण्याचे फोड आले तर लगेच, आणि तीन महिन्यांनंतरही चेहरा जराही हलत नसेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जा.